न्हाव्याचा दगड : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरपासून मी दाढीला ब्लेड लावलेलं नाही. घरात दोन उघडे वस्तरे आहेत आणि त्यांची धार राखायला दोन जुने दगड, दोन्ही साबणाच्या वडीएवढे. इथे त्यांना 'बार्बर होन' म्हणतात, म्हणजे न्हाव्याचा निसणा. घेण्याआधी मी याबद्दल भरपूर वाचलं होतं. त्यातलं निम्मं कळलं नव्हतं आणि जे कळलं ते मी ऐकलं नाही. त्याची फळं भोगून झाली, म्हणून लिहायला बसलोय.

मी बफेलोजवळ राहतो. नायगारा इथून अर्ध्या तासावर, त्यामुळे पहिला दगड 'कार्बोरंडम'चा मिळाला यात नवल नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानात गंजलेल्या पाना-पक्कडींच्या ढिगात पडला होता, अठरा डॉलरला. या कंपनीची गोष्ट मजेदार आहे. एडवर्ड ॲचिसन नावाच्या माणसाने १८९१ साली पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला गावी चिकणमाती आणि कोक विजेने तापवून पाहिलं, तर त्यात चमकते, कठीण स्फटिक सापडले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडमचं मिश्रण, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. निघालं सिलिकॉन कार्बाइड, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सुरुवातीचा माल रत्नांना पैलू पाडणाऱ्यांनी घेतला. पुढे १८९५ मध्ये कारखाना नायगाराला गेला, कारण या भट्ट्या वीज खातात आणि धबधब्याची वीज स्वस्त होती. आता, कोरंडम हा शब्द इंग्रजीत गेला तमिळमधून, आणि मराठीत आपण त्याच दगडाला कुरुंद म्हणतो. म्हणजे नायगाराच्या या वडीवर अर्धं नाव आपल्याकडचं आहे. बायकोला हे तीनदा सांगून झालंय.

दुसरा दगड स्वाटी. फ्रान्झ स्वाटीचा कारखाना मार्बुर्गला होता, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत. आज ते गाव स्लोव्हेनियात आहे आणि त्याला मारिबोर म्हणतात. दगड मातकट रंगाचा, कार्बोरंडमपेक्षा हाताला गुळगुळीत. वस्तऱ्यांपैकी एक 'जेन्को', म्हणजे इथून गाडीने दोनेक तासांवरच्या जिनिव्हा गावात बनलेला, आणि एक सोलिंगेनचा जर्मन.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वस्तऱ्याला धार लावताना कोन हाताने धरावा लागत नाही. पात्याची पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायच्या. पाठ जेवढी जाड, त्यावर कोन आपोआप ठरतो. दगडावर धार पुढे, जणू दगडाचीच दाढी करतोय. टोकाला आलं की पाठीवर उलटवायचं, धारेवर कधीच नाही. दाढीआधी वस्तरा ज्यावर फिरवतात त्या चामड्याच्या पट्ट्यावर सगळं उलट: पाठ पुढे, धार मागून. पहिल्या आठवड्यात मी पट्ट्यावर धार पुढे घातली आणि चामड्याचा काप काढला. तो काप अजून आहे, रोज दिसतो.

खरी चूक मात्र दगडावर झाली. घरी विळीला धार लावताना पाहिलेलं डोक्यात पक्कं होतं: जितकं घासाल तितकी धार. दर रविवारी चहा घेऊन बसायचो आणि तीस-चाळीस फेऱ्या मारायचो. हाताला छान लय लागायची. मनगटावरचे केस नुसत्या स्पर्शाने उडायचे, मी खूश. मग दाढीला लावला की पहिल्या दोन इंचांत लोणी आणि तिसऱ्या इंचाला आग. गालावर तुरटी फिरवली की डोळ्यांत पाणी. तीन आठवडे मी साबणाला दोष दिला.

शेवटी तीसपट मोठं दाखवणारं भिंग आणलं. जेन्कोच्या धारेवर चक्क करवतीचे दात होते. झालं असं होतं की पातं मुळात पोकळ घडणीचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं, धारेशी कमालीचं पातळ. ते गरजेपेक्षा जास्त घासलं की टोकाला वर्खासारखी झालर सुटते. ही झालर केस उडवून दाखवते, म्हणून फसायला होतं; दाढीच्या खुंटांवर ती तुटते आणि मागे खाचा ठेवते. या खाचा न्हाव्याच्या दगडाने निघत नाहीत. तेवढं पोलाद काढायचं तर खाली हजार नंबरच्या दगडापासून सुरुवात करून चार हजार, आठ हजार असं वर यावं लागतं (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). माझ्याकडे ते दगड नव्हते, म्हणून वस्तरा पोस्टाने एका धारवाल्याकडे पाठवला. पंचवीस डॉलर गेले. परत आला तेव्हा डबीत चिठ्ठी होती: 'पाच फेऱ्या. पाचच.'

तेव्हापासून पाचच. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज बोटांचा जोर नाही. दगड दोन इंच रुंद आणि पातं तीन इंच लांब, त्यामुळे तिरकं ओढत टाचेपासून टोकापर्यंत न्यायचं. पातं सपाट टेकलं असेल तर पाण्याची बारीक रेघ धारेपुढे पळताना दिसते. ती जिथे तुटते तिथे तुमचा हात उचलला गेलाय. ही रेघ बघायला शिकलो आणि निम्मी कटकट संपली. स्वाटीवर मी पाण्याऐवजी दाढीचाच फेस लावतो. त्याने धार जरा मऊ येते, निदान माझ्या गालाचं तसं मत आहे. कार्बोरंडम लवकर कापतो, पण त्यानंतर पट्ट्यावर साठ फेऱ्या दिल्याशिवाय मी चेहऱ्याजवळ नेत नाही.

आणि हे पाच म्हणजे रोजचे पाच नव्हेत. रोज फक्त पट्टा. पंधरा-वीस दाढ्या झाल्या, वस्तरा हनुवटीखाली अडखळायला लागला, पट्ट्यानेही जागेवर येईना, की मग दगड. जुन्या काळी दुकानातल्या न्हाव्याला दोन गिऱ्हाइकांमध्ये एवढंच करायचं असे, त्यासाठीच या वड्या एवढ्या छोट्या. बोथट वस्तऱ्याला धार आणायला हा दगड घ्याल तर फसाल. आलेली धार टिकवायला घ्याल तर मग मात्र बऱ्याच काळाची ददात मिटते.

जुना दगड घेताना सपाटपणा बघा. माझा कार्बोरंडम मधे खोलगट झाला होता. पेन्सिलीने चौकटी आखल्या, काचेवर पाणकागद ठेवला, पाणी घातलं आणि घासत बसलो. चौकटी सगळीकडून पुसल्या गेल्या की सपाट झाला. पाणकागदावरही सिलिकॉन कार्बाइडच असतं, म्हणजे काट्याने काटा काढायचा. दोनशेवीस नंबरपासून हजारपर्यंत जायला तीन संध्याकाळ लागल्या. पाणी आणि मास्क दोन्ही हवेत, ती धूळ छातीत घेण्यासारखी नाही. कडाही थोड्या गोल करा, धारदार कडेवर पातं अडकतं. त्यानंतर ताजा दगड खरखरीत वाटतो. स्टीलच्या चमच्याची पाठ त्यावर दहा मिनिटं दाबून फिरवली तेव्हा तो पूर्ववत शांत झाला. हे काम एकदाच. पुढे दर वेळी जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण पुरतो. नाही धुतला तर पोलादाची काळी भुकटी छिद्रांत बसते, दगड काचेसारखा होतो आणि पातं नुसतं घसरतं.

लहानपणी नाशिकला आमच्याकडे रविवारी धोकटी घेऊन न्हावी यायचे. वडिलांची दाढी करण्याआधी ते वस्तरा सरळ तळहातावर पाजळत, चटक-चटक. मी तो आवाज काढून बघायचा प्रयत्न एकदा केला. अंगठ्याला दोन पट्ट्या लागल्या. आता तिकडे कुठल्याही दुकानात जा, वस्तऱ्यात ब्लेडचा अर्धा तुकडा घालतात आणि तुमच्यासमोर फेकतात. दुकानात तेच बरोबर आहे. दुसऱ्याच्या रक्ताचा प्रश्न आहे. घरी एकच गाल असतो म्हणून हा खेळ परवडतो.

तक्रारी दोन. वेळ: सकाळी आठची मीटिंग असेल तर मी सरळ दाढी टाळतो. आणि गंज: इथल्या हिवाळ्यात हवा कोरडी, काही प्रश्न आला नाही, पण जूनमध्ये बाथरूममध्ये विसरलेल्या सोलिंगेनवर दोन दिवसांत ठिपके आले. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पातं पुसून तेलाचा हात लावल्याशिवाय ठेवूच नका.

तिसरा दगड होता त्याचं सांगायचं राहिलं. बिननावाचा, एक बाजू बारीक आणि एक खरखरीत, पाच डॉलरचा. हे दगड कठीण असतात तसेच ठिसूळही असतात, हे मला तो ओल्या हातातून सिंकमध्ये पडला तेव्हा कळलं. दोन तुकडे झाले. आता मी सिंकमध्ये आधी टॉवेल पसरतो. छोटा तुकडा विळीसाठी ठेवलाय. मोठा आई उन्हाळ्यात आली होती तेव्हा तिच्या हाती लागला. तिला वाटलं मी बाथरूममध्ये वज्री ठेवली आहे. मी दाढीचं सगळं पुराण सांगेपर्यंत तिची एक टाच घासून झाली होती. जाताना तो नाशिकला घेऊन गेली. खरखरीत बाजू टाचांना उत्तम आहे म्हणते.