क्विकबुक्सची सामायिक फाइल उघडत नाही: फाइल डॉक्टर की हाताने तपासणी?

क्विकबुक्स डेस्कटॉप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एच-२०२ ही त्रुटी येते, तेव्हा कंपनी फाइल (कंपनीचा हिशेब असलेली फाइल) दुसऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते आणि आपला संगणक त्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. हिशेब बिघडला, असे लगेच समजण्याचे कारण नाही.

क्विकबुक्सच्या टूल हब या दुरुस्ती-साधनांच्या संचातील फाइल डॉक्टर हा सोपा मार्ग आहे. तो फाइल आणि नेटवर्क दोन्ही तपासतो, त्यासाठी तांत्रिक ज्ञान फारसे लागत नाही. मात्र मोठ्या फाइलला वेळ लागतो आणि नेमके काय बिघडले होते, हे अनेकदा कळतच नाही.

हाताने केलेली तपासणी किचकट असली, तरी कारणापर्यंत नेते. होस्टिंग, म्हणजे इतर संगणकांना फाइल पुरवण्याची सोय, फक्त सर्व्हरवरच चालू असावे, हे आधी पाहावे. एखाद्या वर्कस्टेशनवर, म्हणजे फाइल वापरणाऱ्या इतर संगणकावर, ते चुकून चालू राहणे, हे नेहमी आढळणारे आणि तितकेच दुर्लक्षित राहणारे कारण आहे. त्यानंतर सर्व्हरवर क्विकबुक्सडीबी नावाची सेवा, जिच्या नावापुढे आवृत्तीनुसार आकडा असतो, ती सुरू आहे का आणि फायरवॉल (नेटवर्कवरील ये-जा रोखणारी सुरक्षा व्यवस्था) ८०१९ हे पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांकित मार्ग, अडवत नाही ना, हे तपासावे. कंपनी फाइलशेजारच्या, नेटवर्क जोडणीची माहिती ठेवणाऱ्या एनडी फाइलचे नाव बदलून सर्व्हरवरील डेटाबेस सर्व्हर मॅनेजर या प्रोग्रामने फोल्डर पुन्हा स्कॅन केल्यास ती नव्याने तयार होते.

अडचण एकाच वर्कस्टेशनवर असेल, तर मी हाताच्या तपासणीलाच पसंती देईन, कारण इतरांना फाइल उघडता येत असताना फाइलवर संशय घेणे व्यर्थ आहे. सर्व्हरवरही फाइल उघडत नसेल, तर मात्र आधी बॅकअप घेऊन फाइल डॉक्टर चालवावा.