कपाळावर १९१८ कोरलेला ख्रिस्त : कार्ल श्मिट-रोटलुफ यांचा वुडकट

जर्मन चित्रकार कार्ल श्मिट-रोटलुफ यांच्या १९१८ सालच्या या वुडकटमध्ये, म्हणजे लाकूड कोरून कागदावर घेतलेल्या छापात, ख्रिस्ताचा केवळ चेहरा आहे आणि त्या चेहऱ्याच्या कपाळावर सालाचे चार आकडे कोरलेले आहेत. साधारण ५० सेंटिमीटर उंच आणि ३९ सेंटिमीटर रुंद अशा या छापाचा बहुतेक भाग त्या एका चेहऱ्यानेच व्यापला आहे. नाक कपाळापासून लांब, सरळ पट्ट्यासारखे खाली उतरते, ओठ जाड आहेत, हत्याराचे घाव लपवलेले नाहीत. एक डोळा टक्क उघडा आहे आणि दुसरा मिटलेला दिसतो. चेहऱ्याखाली जर्मन भाषेत एकच वाक्य आहे : तुम्हांला ख्रिस्ताचे दर्शन झाले नाही काय? पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जर्मनीत बायबलमधील विषयांवर पुष्कळ मुद्राचित्रे झाली. त्या सगळ्यांत मी या पानाला सर्वांत वरचे स्थान देईन.

चित्रावर साल घालायचे झाल्यास चित्रकार ते सहसा खालच्या कोपऱ्यात, सहीशेजारी घालतो. येथे ते आले आहे काटेरी मुकुटाच्या जागी. ज्या वर्षी ९ नोव्हेंबरला कैसरची सत्ता गेली, ११ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली आणि चार वर्षांत सुमारे वीस लाख जर्मन सैनिक मारले गेल्याचे वास्तव घराघरांत पोहोचले होते, ते वर्षच ख्रिस्ताच्या कपाळी आले आहे, असा अर्थ पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. त्यामुळे हा ख्रिस्त पहिल्या शतकात दूर राहत नाही. खालच्या वाक्यातील ‘तुम्हांला’ हे संबोधनही थेट पाहणाऱ्यांसाठी आहे. सांत्वनाची एकही खूण या चित्रात नाही. आशीर्वादाचा हात नाही, जखमांचे प्रदर्शन नाही, करुणेने झुकलेली मान नाही. विचारले जाते ते एवढेच, की समोर आलेला तुम्ही ओळखला की नाही.

हा ओळखीचा प्रश्न बायबलमधूनच आलेला आहे. हे पान नऊ वुडकटांच्या एका संचातले आहे आणि याच संचातील दुसऱ्या एका वुडकटमध्ये अम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य पुनरुत्थित ख्रिस्ताबरोबर वाट चालतात, त्याच्याशी बोलतात, आणि तरीही त्याने भाकर मोडून देईपर्यंत त्याला ओळखत नाहीत. ते पान डोळ्यांसमोर ठेवून चेहऱ्याचे पान पाहिले, म्हणजे उघड्या आणि मिटलेल्या डोळ्यांची जोडी अधिक अर्थपूर्ण वाटू लागते. पेत्राच्या मासेमारीचा प्रसंगही या संचात आहे आणि यहूदाचाही. मात्र नऊही पाने सारख्या ताकदीची नाहीत. प्रसंगचित्रांत माणसे, वाट, पाणी यांची मांडणी करताना काळ्या-पांढऱ्या आकारांची दाटी होते आणि नजर कुठे ठरत नाही. चेहऱ्याच्या पानात तसे कुठेही होत नाही.

श्मिट-रोटलुफ १९१५ पासून युद्ध संपेपर्यंत पूर्व आघाडीवर सैन्यात होते आणि त्यांतला काही काळ लिथुआनियातील कौनस शहरात होते. रंगकामाला तेथे फारसा वाव नव्हता; लाकूड मात्र कोरता येत होते. वुडकटमध्ये जो भाग कोरून काढला जातो तो कागदावर पांढरा राहतो आणि जो उरतो तोच शाई धरतो. शिवाय छाप उलटा उमटत असल्याने वाक्यातील प्रत्येक अक्षर आणि कपाळावरचा प्रत्येक आकडा लाकडात उलटाच कोरावा लागतो. हे लक्षात घेऊन अक्षरे जवळून पाहावीत. ती ओबडधोबड, टोकदार आहेत, आणि चेहऱ्याच्या रेषा ज्या हाताने निघाल्या त्याच हाताने, त्याच आवेगाने निघालेली दिसतात. जर्मनीत बायबल आणि वुडकट यांचे नाते जुने आहे. आल्ब्रेख्त ड्यूरर यांनी १४९८ मध्ये प्रकटीकरणाच्या पुस्तकावर पंधरा वुडकट प्रसिद्ध केले, त्यांतील रेषा इतकी बारीक आणि लवचीक आहे की ती लाकडातून आली यावर विश्वास बसत नाही. श्मिट-रोटलुफ यांनी त्याच परंपरेतील माध्यम घेतले आणि लाकडाचा कठीणपणा मुद्दाम उघडा ठेवला. या विषयाला तेच शोभते, असे माझे ठाम मत आहे.

एक आक्षेप मात्र नोंदवायलाच हवा. या चेहऱ्याची घडण आफ्रिकी मुखवट्यांवरून आणि शिल्पांवरून घेतलेली आहे. अशा वस्तू त्या काळी वसाहतींतून मोठ्या संख्येने युरोपीय संग्रहालयांत येत होत्या आणि त्या घडवणाऱ्या कारागिरांची नावे सहसा कुणी नोंदवली नाहीत. ख्रिस्ताला युरोपीय देखणेपणातून बाहेर काढण्याचे बळ चित्रकाराला त्या अनाम कारागिरांकडून मिळाले आहे, आणि या छापाची ओळख करून देताना ते ऋण सांगितले गेले पाहिजे.

पुढे नाझी राजवटीने श्मिट-रोटलुफ यांच्या सहाशेहून अधिक कलाकृती जर्मन संग्रहालयांतून जप्त केल्या आणि १९४१ मध्ये त्यांच्यावर चित्र काढण्याचीही बंदी घातली. ते १९७६ पर्यंत जगले, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९६७ मध्ये बर्लिनला ब्रुक्के या त्यांच्या चित्रकार-गटाचे संग्रहालय उभे राहिले.

नऊ वुडकटांचा हा संच म्युनिकच्या कुर्ट वोल्फ प्रकाशनाने अवघ्या ७५ प्रतींत काढला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात तो आहे. कागदावरील कलाकृती उजेडाने खराब होत असल्याने संग्रहालये त्या कायम भिंतीवर ठेवत नाहीत. म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि मुद्राचित्रे दाखवण्याची वेगळी खोली असेल तर वेळ मागून घ्यावी. घरासाठी प्रतिकृती घेणाऱ्यांनी चकचकीत कागद टाळावा, कारण त्यावर काळ्या शाईचा सपाट जडपणा हरवून जातो. जाड, न चमकणारा, किंचित पिवळसर कागद आणि मूळ आकार यांचा आग्रह धरावा. मोबाइलच्या पडद्यावर कपाळावरचे आकडे वाचता येतात, पण घावांची रुंदी कळत नाही, आणि ती पाहिल्याशिवाय या वुडकटविषयी मत बनवू नये.