वेअर ओएस वॉचवर अ‍ॅप्स टाकणं आणि सांभाळणं, वापरून लिहिलेला रिव्ह्यू

वॉचची स्क्रीन किती ब्राइट आहे, पट्टा कसा आहे यावर सगळेच लिहितात, पण त्यात अ‍ॅप टाकायचं कसं आणि नंतर ते सांभाळायचं कसं यावर कोणी धड सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू फक्त तेवढ्यावरच. मी रोज वेअर ओएसवालं, म्हणजे गुगलच्या वॉचसाठीच्या सिस्टिमवर चालणारं वॉच वापरते, त्यामुळे बहुतेक त्याबद्दलच बोलेन.

घ्यायच्या आधी एक नक्की बघा. स्मार्टवॉच म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वॉचमध्ये अ‍ॅप टाकता येत नाही. स्वस्तातली बरीच वॉच स्वतःच्या छोट्याशा सिस्टिमवर चालतात, त्यात वॉचफेस, म्हणजे वेळ दाखवणारी मुख्य स्क्रीन बदलते, पावलं मोजली जातात, कॉलही घेता येतो, पण बाहेरचं अ‍ॅप टाकायला स्टोअरच नसतं, आणि हे कळतं घेतल्यावर. अ‍ॅप्स हवीच असतील तर वेअर ओएस किंवा अ‍ॅपल वॉच बघा. अ‍ॅपल वॉचला आयफोन लागतोच, आणि गॅलेक्सी वॉच ४ पासूनची सॅमसंगची वॉच किंवा गुगलचं पिक्सेल वॉच आयफोनला जोडताच येत नाहीत, म्हणजे फोन कुठला आहे त्यावर अर्धा निर्णय आधीच झालेला असतो.

आता इन्स्टॉल. वॉचवर प्ले स्टोअर आहे, २०१७ च्या अँड्रॉइड वेअर २.० (वेअर ओएसचं तेव्हाचं नाव) पासून ते थेट मनगटावरच मिळतं, पण खरं सांगू, तिथे शोधत बसू नका. एवढ्याशा कीबोर्डवर नाव टाईप करायचं, मग स्क्रीनशॉट बघायचे, रिव्ह्यू वाचायचे, जीव जातो. फोनवरच्या प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप उघडा, इन्स्टॉलच्या बटणाजवळ इतर डिव्हाइसेसची यादी मिळते, त्यात तुमचं वॉच निवडा, झालं. फक्त फोनवर आणि वॉचवर एकच गुगल अकाउंट पाहिजे, यादीत वॉच दिसत नसेल तर पहिल्यांदा हेच तपासा.

यानंतरची सगळ्यांची तक्रार म्हणजे डाउनलोड पुढे सरकतच नाही. अ‍ॅपची चूक नसते बहुतेक वेळा. वॉच फोनला ब्लूटूथने जोडलेलं असलं की डेटासुद्धा बऱ्याचदा त्या ब्लूटूथवरनंच येतो आणि ते फारच हळू असतं. वॉच चार्जरवर ठेवा, वॉचचं वायफाय चालू करा आणि थोडा वेळ फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा, अडकलेलं गोल चक्र भराभर भरायला लागतं. अपडेटसुद्धा वॉच चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच नीट येतात.

अ‍ॅप आलं, आता ते ठेवायचं का? माझी परीक्षा एकच आहे, फोनचं ब्लूटूथ बंद करायचं आणि वॉचवर ते अ‍ॅप उघडायचं. काही अ‍ॅप्स पूर्ण वॉचवरच चालतात, टायमर, डाउनलोड केलेली गाणी, पळण्याचं ट्रॅकिंग, असली अ‍ॅप्स सोन्यासारखी. आणि काही अ‍ॅप्स म्हणजे फोनची नुसती खिडकी असते, मी नोट्सचं एक अ‍ॅप असंच तपासलं तर मधोमध एक चक्र फिरत राहिलं आणि खाली फोन जोडा असा मेसेज, बास. फोन सतत खिशात असणाऱ्याला तेही चालेल, पण फोन ठेवून फिरायला जायचं म्हणून वॉच घेतलंय त्याने असली अ‍ॅप्स ठेवू नयेत.

आणि नोटिफिकेशनसाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं. फोनवर येणारं नोटिफिकेशन तसंही वॉचवर दिसतं, मेसेजिंगवाल्या बऱ्याच अ‍ॅप्सना तिथनंच रिप्लायही देता येतो. जुनी चॅट उघडून वाचायची असेल तरच मेसेजिंगचं अ‍ॅप टाका. मी असली बरीच अ‍ॅप्स काढून टाकली, काही अडलं नाही.

बॅटरीचं मात्र मनावर घ्या. माझ्याकडे हवामान दाखवणारा एक वॉचफेस होता, सुंदर होता अगदी, पण लोकेशनची परवानगी घेऊन सारखं काहीतरी आणत बसायचा आणि संध्याकाळपर्यंत वॉच मान टाकायचं. वॉचवरच्या परवानग्या फोनपेक्षा वेगळ्या असतात, फोनवर नाही म्हटलं तरी वॉचवर चालू असू शकतं, म्हणून वॉचच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स उघडून लोकेशन आणि हृदयाच्या ठोक्यांचे सेन्सर कोणाकोणाला दिलेत ते एकदा बघाच.

जागेचं तसं टेन्शन नाही, पण गॅलेक्सी वॉच ४ च्या १६ जीबीपैकी हाताला साधारण निम्मीच येते, उरलेली सिस्टिमची. अ‍ॅप्स छोटी असतात, जागा खातात ती ऑफलाइन गाणी, आणि ती त्या त्या म्युझिक अ‍ॅपमध्ये जाऊनच काढावी लागतात.

काढून टाकण्याचा भाग मला सगळ्यात गोंधळाचा वाटतो. फोनवरनं अ‍ॅप उडवलं तरी वॉचवरचं तसंच राहतं, ते वेगळं अनइन्स्टॉल करावं लागतं, वॉचच्या अ‍ॅप्सच्या यादीत किंवा वॉचवरच्या प्ले स्टोअरमध्ये जाऊन. अ‍ॅपलकडे उलटं आहे, तिथे आयफोनच्या वॉच अ‍ॅपमध्ये अ‍ॅपचं बटण बंद केलं की ते मनगटावरनं जातं, आणि नवीन अ‍ॅप आपोआप वॉचवर टाकायची सेटिंगही बंद करता येते. या एका बाबतीत अ‍ॅपलचं सोपं आहे.

टाईल्स, म्हणजे एकेका कामाच्या झटपट दिसणाऱ्या स्क्रीन, मात्र वेअर ओएसच्या मला जाम आवडतात. अ‍ॅप्सची यादी उघडायचीच नाही, वॉचफेसवरनं आडवं सरकवलं की टायमर, हवामान, व्यायाम एकापाठोपाठ समोर. क्रम फोनवरनं लावा, बोटानं वॉचवर लावायला त्रास होतो. पाचसहाच ठेवा, जास्त ठेवल्या की शोधत बसावं लागतं.

फोन बदलणार असाल तर आधी वॉचची वेअर ओएस आवृत्ती बघा. २०२३ च्या वेअर ओएस ४ पासून वॉच फॅक्टरी रिसेट (सगळं पुसून कोरं) न करता नवीन फोनला जोडता येतं आणि बॅकअपही मिळतो, जुन्या आवृत्तीत सगळं पुन्हा टाकावं लागायचं. पेमेंटची कार्ड आणि काही लॉगिन मात्र तरी पुन्हा करावे लागतात, त्यामुळे पासवर्ड हाताशी ठेवूनच बसा.