संघबांधणीचा पैसा आणि बरोबरीची लढत : खुली भरती, लिलाव की पाळीने निवड?

भाताची सुगी आटोपली की बेळगाव शहराबरोबरच खानापूर, निपाणी आणि चिकोडी तालुक्यांत टेनिस बॉल क्रिकेटच्या व कबड्डीच्या स्पर्धांचे फलक चौकाचौकांत लागतात. यांतील बऱ्याच स्पर्धांना आता ‘प्रीमियर लीग’ म्हणवून घ्यायचे असते. मात्र आठ संघमालक गोळा झाल्यावर मंडळाच्या बैठकीत जो प्रश्न हमखास अडतो, तो खेळाडू कोणत्या पद्धतीने वाटायचे हा. ज्या मंडळांना यंदा हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी तीन पद्धती येथे शेजारी शेजारी मांडल्या आहेत.

पहिली पद्धत खुल्या भरतीची. ज्याची ऐपत मोठी, त्याने गोव्यातून, कोल्हापुरातून हवे ते खेळाडू आणावेत. तीन दिवसांच्या बाद फेरीच्या स्पर्धेला ही पद्धत शोभते, कारण प्रेक्षकांना नामवंत खेळाडू पाहायला मिळतात आणि एखादा दुबळा संघ पहिल्याच सामन्यात बाहेर पडला तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. साखळी स्पर्धेत मात्र तोच दुबळा संघ सात सामने हरत राहतो आणि चौथ्या सामन्यानंतर त्याच्या गावचे लोकही मैदानाकडे फिरकत नाहीत. युरोपातील फुटबॉल मुख्यतः याच वाटेने चालतो. जर्मनीच्या बुंडेसलिगात बायर्न म्युनिकने 2013 ते 2023 अशी सलग अकरा विजेतेपदे मिळवली. इंग्लंडमध्ये 2016 साली लेस्टर सिटी विजेता ठरला, पण त्या विजयाची आठवण आजही अपवाद म्हणूनच काढली जाते. शेवटी तेथेही तोट्यावर मर्यादा घालावी लागली, आणि ती ओलांडल्याबद्दल 2023-24 च्या हंगामात एव्हर्टन व नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांचे गुण कापले गेले. युरोपीय पद्धतीत तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत उतरण्याचे भय असल्यामुळे तो अखेरपर्यंत झुंजतो. आपल्याकडे खालची श्रेणीच नसल्याने तेवढाही धाक उरत नाही.

दुसरी पद्धत लिलावाची. ती सर्वांच्या परिचयाची आहे आणि तिच्याविषयीचे गैरसमजही तितकेच पसरलेले आहेत. सर्व संघांची पर्स, म्हणजे खेळाडू घेण्यासाठीची एकूण रक्कम, सारखी ठेवली की संघ आपोआप सारखे होतात, असे मानले जाते. आयपीएलचा अनुभव वेगळा आहे. 2008 मध्ये मालकी हक्क सर्वांत कमी किमतीला विकला गेलेल्या राजस्थानने पहिलेच विजेतेपद पटकावले आणि सर्वांत महाग ठरलेल्या मुंबईला 2013 पर्यंत वाट पाहावी लागली. येथवर समान पर्सची बाजू भक्कम दिसते. परंतु 2025 पर्यंतच्या अठरा हंगामांपैकी दहा विजेतेपदे चेन्नई आणि मुंबई या दोनच संघांकडे गेली. पर्स सारखी असली तरी पारख सारखी नव्हती: जसप्रीत बुमराहने रणजी पदार्पण करण्याआधीच मुंबईने त्याला हेरले होते. शिवाय चांगले खेळाडू कायम राखण्याच्या मुभेमुळे एकदा जमलेला संघ पुढेही जमलेलाच राहतो. म्हणून स्थानिक लीगमध्ये खेळाडू राखण्याची सवलत द्यायचीच असेल तर ती एका खेळाडूपुरती असावी आणि त्याची किंमत पर्समधून पुरेपूर वजा व्हावी.

लिलावाची खरी दुखरी नस म्हणजे टेबलाखालचा व्यवहार. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगमध्ये मेलबर्न स्टॉर्म या संघाने दोन वेगवेगळ्या हिशेबवह्या ठेवून वेतनमर्यादा चुकवल्याचे 2010 मध्ये उघड झाले आणि त्याची 2007 व 2009 ची विजेतेपदे काढून घेण्यात आली. पगारी हिशेबनीस असलेल्या लीगमध्ये जर हे घडू शकते, तर मंडळाच्या कार्यालयात वहीवर चाललेल्या लिलावात ते पकडणार कोण? यावर मला सुचणारा उपाय असा की लिलाव रुपयांत न करता गुणांत करावा. प्रत्येक संघाला 1,000 गुण, चौदा खेळाडू आणि 20 गुणांची पायाभूत किंमत ठरवली, तर उरलेल्या तेरा जागांसाठी 260 गुण राखावेच लागतात आणि पहिल्या खेळाडूवर 740 च्या वर बोली जात नाही. खेळाडूचे मानधन मग सर्वांना सारखे, आणि तेही मालकाने न देता मंडळाने द्यावे. चोरटे पैसे याने पूर्ण थांबतील असे नाही. पण उघड बोलीला पैशाचा वास राहत नाही आणि 20 गुणांत गेलेल्या पोराची गावभर चेष्टाही कमी होते.

तिसरी पद्धत पाळीने निवडीची, म्हणजे संघांनी क्रमाने एकेक खेळाडू निवडण्याची. अमेरिकी लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड अशी होते आणि मागील हंगामात तळाला राहिलेल्यांना झुकते माप मिळते. त्यातून मुद्दाम हरण्याची खोड लागते, म्हणून एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगने 1985 पासून निवडीच्या क्रमासाठी सोडत आणली आणि 2019 मध्ये तळाच्या तिन्ही संघांची पहिल्या निवडीची संधी सारखी केली. आपण हा घोळ टाळून पहिला क्रम चिठ्ठीने काढावा आणि दुसऱ्या फेरीत तो उलटा करावा, म्हणजे पहिल्या संघाला पहिला व सोळावा, तर आठव्याला आठवा व नववा खेळाडू मिळतो. खर्च नाही, रुसवेफुगवे कमी. मात्र लिलावाची रंगत नसल्याने प्रायोजक नाक मुरडतात.

निवड करताना गर्दी कशासाठी येते, हे आधी पाहावे. येळ्ळूर किंवा उचगावसारख्या गावात लोक गावच्या नावासाठी येतात. तेथे ‘एक गाव, एक संघ’ ठेवून बाहेरच्या दोनच खेळाडूंना परवानगी देणे या तिन्हींपेक्षा सरस ठरेल. शहरात, जेथे संघाचे नाव मालकाच्या दुकानावरून पडते, तेथे गुणांचा लिलाव घ्यावा. पहिल्याच वर्षी, खेळाडूंची नीट माहिती नसताना, पाळीची निवड पुरेशी आहे.

मालकाची निवडही खेळाडूंइतकीच कसून करावी लागते. 2019 मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगमधील सामना निश्चितीच्या तपासात बेळगावच्याच संघाच्या मालकाला बंगळूर पोलिसांनी अटक केली होती. 2022 मध्ये त्या स्पर्धेच्या जागी महाराजा ट्रॉफी आली, तेव्हा तिच्या सहा संघांत बेळगावचे नाव नव्हते. म्हणून मालकाकडून अनामत रक्कम लिलावाआधी घ्यावी आणि ती कोणत्या चुकीसाठी जप्त होईल, हे लेखी ठरल्याखेरीज पहिली बोली पुकारू नये.