जयपूरला एका दिवसासाठी जाताय? मग हे वाचाच

दिल्लीतलं लग्न उरकलं आणि एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून मी, नवरा आणि सासूबाई सकाळच्या गाडीने जयपूरला गेलो. स्टेशनबाहेर एक रिक्षावाला पुढे आला. दिवसभर फिरवायचे चारशे रुपये. लगेच पुढचा प्रश्न, "वापसी की गाडी कितने बजे की है?" नवऱ्याने सांगून टाकलं, संध्याकाळची.

पुढचं सगळं त्या उत्तरावर बेतलेलं होतं, हे आता कळतं. ज्याला संध्याकाळी गाडी गाठायची आहे तो दुसऱ्या दिवशी दुकानात भांडायला येत नाही आणि पोलीस चौकीत बसायलाही त्याला सवड नसते. तुम्हाला कुणी विचारलंच तर "चार दिवस आहोत" म्हणून ठोकून द्या.

वाटेत रिक्षात एक गाईड चढला. गळ्यात ओळखपत्र वगैरे काही नाही, पण बोलायला पटाईत. आणि सांगत होता ते बरंचसं खरं! सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये शहर वसवलं, आखणी विद्याधर भट्टाचार्यांची, गुलाबी रंग १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी. या खऱ्यातच तो खोटं बेमालूम मिसळत होता. हवामहलसमोर रिक्षा थांबवून म्हणाला, "दरवाजाच नाही, आत काही बघण्यासारखं नाही, इथूनच फोटो काढा." रस्त्याच्या बाजूला दरवाजा नाही हे खरंच आहे. पण मागच्या बाजूने आत जाता येतं, तिकीट मिळतं, आणि सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये ही पाच मजली इमारत बांधली ती आतून, त्या ९५३ झरोक्यांमधून खालचा बाजार बघता यावा म्हणूनच.

मग जंतरमंतर. "आज व्हीआयपी आलेत, दोनपर्यंत बंद." तोवर म्हणे 'सरकारी' हस्तकला केंद्र बघू.

दारातल्या पोऱ्याने आमच्याकडे बघितलंही नाही. त्याने आधी रिक्षाचा नंबर वहीत लिहून घेतला. चारशे रुपयांत दिवसभर फिरवणं परवडतं कसं, त्याचं उत्तर त्या वहीत होतं: गिऱ्हाईक आणल्याचं कमिशन. तिकडे अशा दलालांना 'लपके' म्हणतात.

आत चहा आला. कापडाच्या तुकड्यावर लाकडी ठशांनी हत्ती छापून दाखवला, एकामागून एक रंग भरत. सासूबाई खूश. मग जयपुरी रजई. विक्रेत्याने ती हातभर पिशवीत कोंबली, पुन्हा फुलवली, "शुद्ध रुई, मांजी, हाथ लगाके देखिए." रजई खरोखर सुरेख होती. साडेसहा हजारांत दोन ठरल्या. पण ती हातातली आम्हाला दिलीच नाही. "यह तो सँपल है, गोदाम से फ्रेश पीस देंगे," म्हणत शिवून बंद केलेली दोन पाकिटं आणली. उघडून बघू म्हटलं तर "पॅकिंग खराब होईल, गाडीत न्यायला अवघड जाईल." पुन्हा गाडीच!

जंतरमंतरला पोहोचलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, सकाळपासून उघडंच आहे, व्हीआयपी-बिआयपी कुणी नाही. हाती उरला जेमतेम अर्धा तास. सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीचं दगडी सूर्यघड्याळ. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, डोळ्यांना दिसते. खरं तर तिथे निवांत बसायला हवं होतं. रजईच्या पैशांपेक्षा हा अर्धा दिवस गेल्याचा राग मला जास्त आहे. सिटी पॅलेस तर राहिलाच.

पुण्यात पाकिटं उसवली. वरचा कपडा बरा, आतलं भरण मात्र चमकतं आणि निसरडं. सासूबाईंनी एक पुंजका काढून काडी लावली. कापूस असता तर कागदासारखा जळून राख झाली असती. हा आक्रसला आणि त्याची काळी, कडक गोळी झाली. पॉलिस्टर! पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, "विकलेला माल परत नाही" एवढं मात्र ठळक छापलेलं. दिलेल्या नंबरवर फोन केला तर पलीकडून, "कौनसी रजाई?"

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे परत मिळतील अशी फारशी आशा नाही, पण यूपीआयने भरल्यामुळे पैसे कुणाच्या खात्यात गेले ते निदान दाखवता आलं. रोख दिले असते तर तेही नाही. तिथे असतानाच शंका आली तर पर्यटन मंत्रालयाचा १३६३ हा नंबर आहे, आणि मोठ्या स्थळांजवळ पर्यटक सहायता बलाचे जवानही असतात. आमेर, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल, नाहरगड यांचं एकत्रित तिकीट मिळतं. ते सकाळी पहिल्याच ठिकाणी काढून ठेवा. सिटी पॅलेसचं मात्र वेगळं काढावं लागतं. आणि कुठलंही स्थळ 'बंद' असल्याचं रिक्षात बसून ऐकू नका, उतरून तिकीट खिडकीवर विचारा.