लाकूडकामासाठी हाताने घडवलेला चाकू: दिवाळीपासून श्रावणापर्यंत वापरल्यानंतर

लाकूडकामाचा चाकू घेताना सगळ्यात आधी पात्याची जाडी बघावी, आणि ती कमी असावी. पोलाद कोणतं, मूठ कशाची, पात्यावर नक्षी आहे का, हे सगळं नंतर. गेल्या दिवाळीपासून मी दोन चाकू आलटून पालटून वापरते आहे. एक शहरातल्या कारागिराकडून मागवलेला, 4500 रुपयांचा. दुसरा इथे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला लोहाराकडून ट्रकच्या पाट्यापासून, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून, घडवून घेतलेला, 700 रुपये मजुरीचा. ओल्या लाकडाचे चमचे, पळ्या, भरीत घोटायचा दांडा, तंबूच्या खुंट्या, बांबूच्या काड्या आणि शेतात चूल पेटवायला लागणारे छिलके, एवढं माझं काम. त्या कामात लोहाराचा चाकू बराच पुढे निघाला. का निघाला, ते नीट सांगण्यासारखं आहे.

मागवलेल्या चाकूचं पोलाद खरं तर वरचढ आहे. बेअरिंगचं पोलाद, ज्याला कारखान्यात ईएन 31 म्हणतात. त्यात साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं, त्यामुळे धार खूप टिकते. पाणीही त्याला नीट दिलेलं होतं, म्हणजे तापवून झटकन थंड करून नीट कडक केलेलं होतं, कानस पात्यावरून घसरत होती. शिसमाची मूठ, पितळी रिव्हेट, जाड चामड्याचं म्यान. हातात घेतला की वजनदार वाटतो. पण पातं पाठीला पाच मिलिमीटर जाड, आणि धारेकडे जाणारा उतार जेमतेम सात मिलिमीटर रुंद. हा चाकू लाकूड कापत नाही, फाडत पुढे जातो. चमच्याच्या दांड्यावर पातळ साल काढायला गेलं की पातं लाकडाच्या रेषेत खोल शिरतं आणि हवा त्यापेक्षा मोठा कपचा निघतो. कागद मात्र तो सुंदर कापतो. म्हणून विकणाऱ्याने कागद कापून दाखवला तर त्यावर जाऊ नका, लाकडाचा तुकडा सोबत न्या.

यामागचा हिशोब साधी पट्टी घेऊन करता येतो. पाठीची जाडी आणि उताराची रुंदी मोजा. तीन मिलिमीटर जाड पात्याला दोन्ही बाजूंनी सात मिलिमीटरचा सपाट उतार असेल तर धारेचा पूर्ण कोन सुमारे 25 अंश येतो. जाडी पाच आणि उतार तोच सात, तर कोन 40 अंशांच्या आसपास जातो. पाच मिलिमीटरच्या पात्यात 25 अंश हवे असतील तर उतार अकरा मिलिमीटरच्या वर न्यावा लागतो, आणि तेवढं पोलाद घासायला कारागीर सहसा तयार होत नाही. स्वीडन, नॉर्वे, फिनलंडकडे लाकूडकामाचे जे चाकू पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत, त्यांचा उतार असाच सपाट आणि रुंद असतो, पातं पातळ असतं. तो उतार लाकडावर टेकवला की किती कोनात धरायचं हे हाताला आपोआप कळतं. दगडावर धार लावतानाही तोच उतार टेकवायचा, म्हणजे नवशिक्याचाही कोन चुकत नाही. आपल्याकडे सुताराची पटाशी किंवा रंध्याचं पातं याच तत्त्वावर चालतं. फरक इतकाच की चाकूला उतार दोन्ही बाजूंनी असतो.

लोहाराकडे जाताना मी पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचं चित्र काढून नेलं: पातं नऊ सेंटिमीटर, रुंदी सव्वादोन, पाठ तीन मिलिमीटर, मूठ अकरा सेंटिमीटर, आणि पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं. आमच्या गावावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो, त्यामुळे पाट्याचे तुकडे गॅरेजवर सहज मिळतात. एक काळजी घेतली पाहिजे. तुटलेल्या पाट्यात तुटीजवळ डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असू शकतात, कारण तो वर्षानुवर्षं वाकून वाकून थकलेला असतो. म्हणून तुटीपासून लांबचा, टोकाकडचा तुकडा निवडला. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो. बेअरिंगपेक्षा धार कमी टिकते, पण चिवट असतं, सहसा तुकडा उडत नाही.

आबांनी, म्हणजे आमच्या लोहाराने, चित्र पाहिलं आणि म्हणाले, "ताई, इतलं पातय ठेवं ते मोडी जाई." म्हणजे इतकं पातळ ठेवलं तर मोडून जाईल. त्यांचं म्हणणं त्यांच्या कामाच्या दृष्टीने बरोबरच होतं. ते आयुष्यभर कुऱ्हाडी, विळे, कोयते घडवत आले. जोराने घाव घालायच्या हत्याराला पाठीत मांस लागतं. मी त्यांना सांगितलं की याने घाव घालायचा नाही, अंगठ्याने ढकलून सोलायचं आहे. मग त्यांनी पातं पातळ ठोकलं, आणि इतकं सरळ ठोकलं की नंतर घासायला फार काही उरलं नाही. तो हात कुठल्याही मशीनकडे नाही.

पाणी द्यायच्या वेळी आमचं दीर्घ बोलणं झालं. विळ्या-कुऱ्हाडीला ते बादलीतल्या पाण्यातच बुडवतात. पाट्याचं पोलाद तेलात थंड होऊनही पुरेसं कडक होतं. पाण्यात ते फार झटक्याने थंड होतं, आणि पातळ पात्याला चीर जायची भीती असते. म्हणून पत्र्याच्या उभ्या डब्यात शेंगदाणा तेल हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवून घेतलं. जुनं इंजिन ऑइल टाळलं, त्याचा धूर छातीला वाईट. पातं किती तापलं हे आबा रंगावरून ओळखतात, त्यासाठी संध्याकाळची वेळ धरली, उन्हात लाल रंग कळत नाही. मी सोबत लोहचुंबक ठेवला होता. साधारण 770 अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून रंग आणखी थोडा उजळू द्यायचा आणि टोक खाली करून सरळ तेलात. आबांच्या डोळ्यांनी ठरवलेला क्षण आणि चुंबकाचा क्षण अगदी लगोलग आले, ते पाहून मला फार आनंद झाला. त्यानंतर पातं काचेसारखं ठिसूळ असतं, तसंच वापरलं तर तुटणारच. घरच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर, थंड करून परत तासभर ठेवलं. घासलेल्या जागी फिकट गव्हाळ रंग चढला, म्हणजे काम झालं.

चाकू कुणाकडूनही घ्या, दोन परीक्षा तिथेच करून बघता येतात. धारेवर हलकी कानस फिरवायची. ती घसरली पाहिजे, रुतली तर पाणी नीट बसलेलं नाही. दुसरी पितळी सळईवर. धार सळईवर टेकवून हलका दाब दिला की ती किंचित वाकलेली दिसते आणि दाब काढताच परत सरळ होते. वाकलेलीच राहिली तर पोलाद मऊ, तुकडा उडाला तर फार कडक. कारागीर या परीक्षेला नाही म्हणत असेल तर मी तिथे पैसे देणार नाही.

आता लाकडाबद्दल, कारण चाकूची खरी ओळख तिथेच होते. शिवण हे कोरीव कामाला मला सगळ्यात आवडतं. हलकं, एकसारखं, वाळताना फारसं वाकत-तडकत नाही. हळदूही छान, पिवळसर आणि बारीक पोताचं. कडुनिंबाची ओली फांदी चाकूखाली लोण्यासारखी निघते, मात्र त्याचा चमचा सुरुवातीला तोंडाला कडवट लागतो. बाभूळ ओली असतानाच तासून घ्यावी, वाळली की मनगट दुखतं. सागात सिलिका असते, बांबूच्या सालीत तर आणखी, त्यामुळे या दोन्हींवर धार लवकर बोथट होते. बांबूचं काम ज्या दिवशी, त्या संध्याकाळी मी पातं चामड्यावर ओढतेच. अंजनाचं वाळलेलं लाकूड आपल्याकडच्या सगळ्यात कठीण लाकडांपैकी आहे, तिथे 25 अंशांची धार दुमडते. अशा वेळी मागवलेला जाड चाकू उपयोगी पडला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लाकूड मी बांधावरच्या छाटणीचं घेते. अनेर धरण अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे, तिथली काडीही तोडायची नाही.

धारेसाठी दोन बाजूंचा दगड, 400 आणि 1000 नंबरचा, आणि लाकडी फळीवर चिकटवलेला चामड्याचा पट्टा. एवढं पुरतं. पूर्ण उतार दगडावर टेकवून घासायचं, पलीकडच्या बाजूला बोटाला खरखर लागली की पातं पालटायचं. पट्ट्यावर हिरवी पॉलिश चोळून पाठीकडच्या दिशेने ओढायचं, धारेच्या दिशेने ढकललं तर चामडं कापतं. काम चालू असताना अधूनमधून पट्टा मारत राहिलं तर दगडाची गरज क्वचितच लागते. बाजारातल्या फिरत्या चाकावर हा चाकू देऊ नका. पातळ धार क्षणात तापून निळी पडते, आणि निळी पडली की तिथलं पाणी उतरलं.

खानदेशच्या हवेबद्दल कुठलाच विकणारा बोलत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो, हवा कोरडी ठक्क. मागवलेल्या चाकूच्या शिसमी मुठीचं लाकूड आक्रसलं आणि पोलादाची कड दोन्ही बाजूंनी हाताला टोचू लागली. लोहाराच्या चाकूला मी घरच्या जुन्या बैलगाडीच्या मोडक्या जुवाची बाभूळ लावली होती. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड, ते तसूभर हललं नाही. मूठ बसवताना लाकूड किती जुनं आहे हे विचाराच. पावसाळ्यात उलटा त्रास. दोन्ही पोलादं गंजणारी आहेत, आणि चामड्याचं म्यान ओल धरून ठेवतं. आषाढापासून मी चाकू म्यानात ठेवतच नाही, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळते. खाण्याच्या वस्तूला लागणार असेल तर खोबरेल तेल. केळीचा चीक लागला की पातं काळपट होतं. तो डाग निरुपद्रवी आहे, घासून काढायची गरज नाही. लाल गंज मात्र त्याच दिवशी काढावा.

मुठीला आणि चमच्यांना जवसाचं तेल लावते. ते हवेत वाळून घट्ट होतं. पण तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर ही भीती जास्तच. बोळा उघडा पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून टाकावा.

मुलांना शिकवायचं असेल तर बसून, कोपर मांडीवर टेकवून, पातं अंगापासून लांब ढकलायला शिकवा. दोन मांड्यांच्या मधे कापायचं नाही, तिथली रक्तवाहिनी मोठी असते. कायद्याचंही लक्षात असू द्या. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाती येतात, घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या अवजारांना त्यातून सूट आहे. नऊ-दहा सेंटिमीटरचं पातं त्या मापाच्या खूप आत आहे. तरी एसटीत किंवा बाजारात ते कमरेला लावून फिरू नये, पिशवीत तळाशी ठेवावं.

ज्यांना फांद्या तोडायच्या आहेत, लाकडं फोडायची आहेत, त्यांनी कुऱ्हाड किंवा कोयता घ्यावा. त्यासाठी जाड चाकू घेणं म्हणजे दोन्हीकडचं नुकसान. ज्यांना कोरायचं आहे त्यांनी जवळच्या लोहाराकडे चित्र घेऊन जावं, मापावर ठाम राहावं आणि त्याने सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. चमच्याची वाटी कोरायला आकड्यासारखं वाकवलेलं पातं लागतं, सरळ चाकूने ते होत नाही. त्याचं चित्र आबांकडे दिलेलं आहे: पाठ दोन मिलिमीटर, वळण पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, धार फक्त बाहेरच्या बाजूने घासलेली. पोळ्याची गर्दी ओसरली की ते हातात घेणार आहेत.