मर्फीचं निळं ग्रामर: प्रेझेंट परफेक्टसाठी तरी घ्याच

रेमंड मर्फीचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज', केंब्रिजचं, 1985 पासून चालू आहे. पूर्ण पुस्तकाचा रिव्ह्यू नाही हा, फक्त प्रेझेंट परफेक्टवाल्या युनिट्सचा (साधारण 7 ते 14), कारण माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. डावीकडे समजावलंय, उजवीकडे एक्सरसाइज, बास.

शाळेत हॅव प्लस तिसरं रूप पाठ केलं आणि सुटलो ना आपण, इथे बारीक फरक कळतात. म्हणजे 'आय हॅव रेड युअर रिपोर्ट' म्हटलं की वाचून झाला, पण 'आय हॅव बीन रीडिंग युअर रिपोर्ट' म्हटलं तर संपला की नाही ते गुलदस्त्यात, ऑफिसात बॉसला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा 😄 किती पानं झाली हे सांगायचं तर पहिलं, किती वेळ चाललंय हे सांगायचं तर सहसा दुसरं. 'शी हॅज गॉन टू दुबई' म्हणजे बाई अजून तिकडेच, 'हॅज बीन टू दुबई' म्हणजे जाऊन आली. लिव्ह आणि वर्कला मात्र 'हॅव लिव्ड' काय न 'हॅव बीन लिव्हिंग' काय, बऱ्याचदा सारखंच, उगाच डोकं लावू नका.

सगळं इंग्रजीतच आहे, त्यामुळे अगदी नवशिक्यांनी आधी मर्फीचंच सोपं, लालवालं 'एसेन्शियल ग्रामर इन यूज' घ्या. अमेरिकन वापर मागे अपेंडिक्समध्ये दिलाय. आणि घेताना उत्तरंवाली कॉपीच बघून घ्या, बिनउत्तराचीपण मिळते.